गल्ली पाडली, पत्ता तरी लिहून ठेवा: ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

ब्रिटनमधल्या सर्व महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीस आणि स्मरणिका काढणाऱ्या संपादक मंडळींस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात इथल्या एका मंडळाची वर्धापनदिनाची स्मरणिका घरी आली. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी ती वाचून दाखवत होते. मंडळाच्या इतिहासावरचा लेख सुरूच असा होत होता: साठच्या दशकात काही मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर या देशात आले आणि त्यांनी मंडळाचं रोपटं लावलं. लगेच पुढच्या परिच्छेदात पहिला गणपती. आई ऐकत होती. मी पान उलटलं तेव्हा म्हणाली, "आणि आपण गो?"

तिच्या या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, डॉक्टर नव्हते, इंजिनिअरही नव्हते. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. 1962 च्या जुलैपासून इथे कामासाठी यायला व्हाऊचर, म्हणजे सरकारी परवाना, लागणार, अशी बातमी चाळीत पसरली आणि त्याआधी दोन महिने ते निघाले. खिशात तीन पौंड. त्या काळी भारतातून बाहेर पडताना तेवढंच परकीय चलन मिळायचं. नॉटिंगहॅमच्या रॅले सायकल कारखान्यात त्यांना काम मिळालं आणि राहायला सेंट ॲन्समध्ये एका घराची माडी. पुढच्या वर्षी आई आणि मी बोटीने टिलबरी बंदरात उतरलो. मी सहा वर्षांची होते.

सेंट ॲन्स हे नाव आजही नॉटिंगहॅमच्या नकाशावर आहे. पण मी ज्या सेंट ॲन्समध्ये वाढले ते आता नाही. ते सत्तरच्या दशकात गल्लीमागून गल्ली पाडलं गेलं. सुमारे दहा हजार घरं, तीस हजार माणसं. ही वस्ती उभी कशी राहिली तेही थोडं सांगते, कारण आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की इंग्लंडची जुनी घरं म्हणजे फायरप्लेस आणि गुलाबाचे वेल. नॉटिंगहॅमच्या भोवतीची सामाईक कुरणं 1845 च्या कायद्याने बांधकामाला खुली झाली. तोवर सगळं शहर जुन्या हद्दीत कोंबलेलं होतं. मग क्ले फील्ड म्हणजे चिकणमातीच्या शेतावर भाड्याने द्यायच्या विटांच्या घरांच्या रांगा उठल्या, भिंतीला भिंत लावून. लेसच्या गिरण्या, होजिअरी, सायकली, सिगारेटी, या शहराचे जे जे धंदे होते त्यांचे हात या घरांतून यायचे. आमच्या परळ-लालबागसारखंच होतं म्हणा. फक्त चाळीचे मजले काढून ते उतारावर लांबच लांब पसरून ठेवावेत, तसं.

घराला खाली दोन खोल्या, वर दोन, त्याच्यावर पोटमाळा. दार थेट फुटपाथवर उघडायचं. मागच्या खोपटात कपडे उकळायचा एक हौद विटांत बांधलेला असायचा, खालून जाळ घालायचा. त्याला सगळे 'कॉपर' म्हणत. आईने तो पहिल्या दिवशी पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "हे तर चुलाणं!" रत्नागिरीकडच्या तिच्या माहेरी मागल्या पडवीत तसंच होतं. न्हाणीघर नव्हतं. जस्ताचा टब परसातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे. शुक्रवारी रात्री तो शेगडीपुढे यायचा आणि त्याच पाण्यात आधी मी, मग धाकटा भाऊ, शेवटी दादा.

संडास परसाच्या टोकाला. वस्तीतल्या दहांतल्या साधारण नऊ घरांची हीच गत होती. थंडीत नळ फुटू नये म्हणून आत पॅराफिनचा छोटा दिवा तेवत ठेवायचा. अंधारात त्या दाराच्या फटीतून दिसणारा पिवळा उजेड मला अजून स्वप्नात दिसतो. दादांनी इथला पहिला हिवाळा एकट्याने काढला होता. 1962 च्या नाताळात बर्फ पडलं ते मार्चपर्यंत वितळलं नाही. त्या हिवाळ्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. "कोळसा पुरला नाही," एवढंच एकदा म्हणाले होते.

आता सत्तावीस नंबरबद्दल.

आमच्या गल्लीत माणसं नंबरानेच ओळखली जायची. सत्तावीस नंबरमध्ये एक आजी राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा कोळशाच्या खाणीवर. आम्ही आल्यावर दुसऱ्या आठवड्यात आई परसात सुके बोंबील भाजत होती. बोटीच्या पेटीतून ते लपवून आणले होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "अय अप, मी डक!" आई घाबरली. वासावरून तक्रार येणार, असं वाटून तिने तवाच खाली उतरवला. तर आजी विचारत होत्या, हे कुठले किपर? असा वास तर मी लहानपणापासून घेतला नाही. किपर म्हणजे धुरावलेला हेरिंग मासा. एका बोंबलाच्या बदल्यात आम्हाला डबाभर जॅम मिळाला. रात्री आई दादांना म्हणाली, "अहो, ती बाय मला बदक कशाला म्हणते?" दादांनी समजावलं की इथे बायका, पुरुष, बसचा कंडक्टर, सगळे एकमेकांना 'माझं बदक' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. त्यानंतर कित्येक वर्षं आई मला झोपवताना 'माझं बदक ते' म्हणायची.

इंग्रजी मी शाळेत शिकले, आई सत्तावीस नंबरच्या ओट्यावर शिकली. तिचे पहिले शब्द पुस्तकातले नव्हतेच. रुसलेल्या मुलीला 'मार्डी', दोन भिंतींमधल्या बोळाला 'ट्विचेल', दारू मिळणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाला 'बिअर-ऑफ'. आज ती लंडनच्या एखाद्या बाईशी बोलते तेव्हा ती बाई चमकून बघते. या नऊवारी नेसणाऱ्या म्हातारीच्या तोंडी नॉटिंगहॅमची गल्ली कशी, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत दिसतो.

आणि लेस. जॉन लीव्हर्स नावाच्या कारागिराने 1813 च्या सुमारास याच शहरात लेसचं यंत्र बनवलं. त्यावर विणली जाणारी लेस सुट्ट्या पट्ट्यांत निघत नाही. चादरीसारखं रुंद कापड निघतं आणि त्यातल्या शेकडो पट्ट्या एकेका दोऱ्याने शेजारच्या पट्टीला जोडलेल्या असतात. तो दोरा ओढून पट्ट्या सुट्या करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायका घरी बसून करत आल्या होत्या. कारखान्याच्या दारातून गठ्ठा आणायचा, ग्रोसच्या, म्हणजे बारा डझनांच्या, हिशेबाने पैसे घ्यायचे. सत्तावीस नंबरच्या आजींनी आईला हे काम मिळवून दिलं आणि शिकवलंही.

मला तो प्रसंग नीट आठवतो. आजींनी कापड मांडीवर घेतलं, उजेडाकडे धरलं, सुईच्या टोकाने एक टोक उचललं. म्हणाल्या, घाई केली की तुटतो, आणि तुटला की दुसरं टोक सापडत नाही. मग चिमटीत धरून सावकाश, एका लयीत ओढायला लागल्या. दोरा वारभर, दोन वार, तीन वार येत राहिला आणि कापड काही आवाज न करता पट्टीपट्टीने वेगळं होऊन त्यांच्या पायाशी पडत गेलं. आईने तीन दोरे तोडले. चौथा अखंड आला. तो दोरा तिने फेकला नाही. बोटाला गुंडाळून कुंकवाच्या डबीत ठेवला. ती डबी आजही तिच्याकडे आहे.

या कमाईवर आमच्या घराचं भाडं निघायचं. म्हणजे तुमच्या स्मरणिकेत ज्या 'पहिल्या पिढी'चा गौरव आहे, तिच्यात नॉटिंगहॅमच्या लेसचे दोरे ओढणारी, वहाणा काढून उंबऱ्याआत बसलेली एक मराठी बाई होती. तिच्यासारख्या किती असतील, मंडळाने कधी विचारलं का?

मी ही वस्ती गोड करून सांगत नाही. भिंतींना ओल होती. माझ्या भावाची छाती दर हिवाळ्यात भरायची, दोन वेळा त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. आई मग रात्रभर त्या ओल्या भिंतीला पाठ लावून बसायची, गादीपर्यंत गारठा येऊ नये म्हणून. उंदीर होते. खोली भाड्याने देणाऱ्या पाट्यांवर काळ्या-सावळ्यांना नकार लिहिलेला असायचा. ते वाचता येऊ लागलं त्या दिवशी मला इंग्रजी येत असल्याचं वाईट वाटलं. आम्ही यायच्या पाचच वर्षं आधी, 1958 च्या ऑगस्टमध्ये, इथल्याच एका पबपासून गोऱ्या आणि वेस्ट इंडियन लोकांची दंगल पेटली होती. मोठी माणसं तिच्याबद्दल आवाज खाली करून बोलत. कोपऱ्यावरचा एक माणूस दादांना कायम पाठीमागून काहीतरी म्हणायचा. त्याच माणसाने एकदा बर्फात घसरलेल्या आईला उचलून घरी आणून पोचवलं. दोन्ही खरं आहे. लिहायचं तर दोन्ही लिहायला हवं.

1966-67 च्या सुमारास केन कोट्स आणि रिचर्ड सिल्बर्न हे दोन अभ्यासक आपल्या प्रौढ विद्यार्थ्यांना घेऊन सेंट ॲन्समध्ये दारोदार फिरले. ब्रिटनमध्ये गरिबी संपली असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. त्यांच्या पाहणीतून दिसलं की पूर्णवेळ कामावर जाणाऱ्या माणसांच्या घरातही गरिबी आहे, कारण मजुरीच कमी आहे आणि खाणारी तोंडं जास्त. आळस, व्यसन, अडाणीपणा ही कारणं सोयीची होती, पण खरी नव्हती. गिरणगावातल्या कुणालाही हे सांगायला पाहणी लागली नसती. तरी ती झाली हे फार चांगलं झालं, कारण कागदावर आल्याशिवाय सरकारदरबारी काही खरं ठरत नाही. तुमच्याकडे माझं मागणं तेच आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरांच्या रांगा संपल्या की हंगर हिलच्या उतारावर बागा सुरू व्हायच्या. झुडपांच्या उंच कुंपणांनी वेगवेगळे केलेले शेकडो तुकडे, भाड्याने घेतलेले, काहींत विटांच्या छोट्या खोल्या. एकोणिसाव्या शतकात नॉटिंगहॅमचे कामगार तिथे गुलाब लावायचे आणि पबमध्ये गुलाबांचं प्रदर्शन भरवायचे. सॅम्युअल रेनल्ड्स होल नावाचे गुलाबवेडे पाद्री ते पाहायला मुद्दाम गेले होते. कडाक्याच्या रात्री रोपं गारठू नयेत म्हणून या लोकांनी अंगावरची ब्लँकेटं काढून गुलाबांवर घातली, हे त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. दादांनी एका तुकड्यात अर्धा वाटा घेतला. त्यांनी गुलाब लावले नाहीत. मेथी लावली, कोथिंबीर लावली, एका उन्हाळ्यात चक्क लाल माठ उगवून दाखवला. शेजारच्या वाफ्यातला म्हातारा रविवारी कुंपणावरून वाकून बघायचा आणि सांगायचा, माती फार घट्ट आहे, राख घाल. दादांनी राख घातली. 2001 मध्ये या बागांना सरकारी वारसायादीत वरचा दर्जा मिळाला. सुमारे पंच्याहत्तर एकर आहेत, आजही आहेत. घरं गेली, बागा राहिल्या. तिथे उभं राहिलं की मला दादांची पाठ दिसते.

पाडापाडी आधी अफवेसारखी आली, मग पत्रांतून. एकेक कुटुंब हललं की त्या घराच्या खिडक्यांना पत्रे ठोकले जायचे. रस्ता आंधळा होत चालल्यासारखा वाटायचा. आमच्या समोरच्या बाजूची सहा घरं गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पाडलेल्या घराची वरच्या मजल्यावरची भिंत उघडी पडायची आणि कुणाच्या तरी झोपायच्या खोलीचा फुलाफुलांचा वॉलपेपर भर पावसात भिजत राहायचा. दुसऱ्याच्या घरात न विचारता डोकावल्यासारखं वाटून मी मान खाली घालून शाळेत जायचे. पाच नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे इथल्या शेकोट्यांच्या सणाला, पोरांनी त्या रिकाम्या जागेवर दारं, कपाटं, जिन्याचे कठडे जाळले. इतकी मोठी होळी मी परळलाही पाहिली नव्हती. तरी बहुतेक बायकांना घर बदलायचंच होतं. घरात न्हाणीघर आणि नळाला गरम पाणी येणार, याचा आनंद आईलाही होताच. प्रश्न घरांचा नव्हता. प्रश्न असा की सत्तावीस नंबरला एकीकडे पाठवलं आणि एकोणतीस नंबरला दुसरीकडे. हे कुणाला कागदावर दिसलंच नाही.

आजींना ट्रेंट नदीपलीकडे क्लिफ्टनच्या वसाहतीत घर मिळालं. आम्ही लेंटनला गेलो, रॅलेच्या जवळ. निघायच्या आदल्या दिवशी आजींनी पायऱ्यांना लाल कार्डिनल पॉलिश लावलं, दर शनिवारी लावत तसंच. पुढच्या आठवड्यात ते घर पाडायचं होतं. आईने विचारलं, आता कशाला? आजी म्हणाल्या, "माझं दार आहे ना अजून, बदका." आम्ही दोनदा बस बदलून त्यांच्याकडे गेलो. नव्या घरात त्या एका खुर्चीत बसून होत्या, मांडीवर काही काम नव्हतं. तिसऱ्या वर्षी आमचं नाताळचं कार्ड परत आलं.

आता त्या उतारावर दुसरी घरं आहेत, दुसऱ्या पद्धतीने मांडलेली. गाड्या एकीकडे, पायवाटा दुसरीकडे. सेंट ॲन्स वेल रोडचं वळण तेवढं ओळखू येतं, बाकी मला माझीच गल्ली सापडत नाही. दादांचा कारखानाही गेला. 2002 मध्ये नॉटिंगहॅममधलं सायकलचं उत्पादन थांबलं आणि त्या जागेवर आज विद्यापीठाचा परिसर आहे. एका भाचीने तिथून पदवी घेतली. समारंभाला आईला घेऊन गेलो होतो. तळ्याकाठी उभी राहून ती म्हणाली, "ह्यांची पाळी इथेच संपायची."

तर मंडळींनो, मागणं असं आहे. लंडनचं मंडळ 1932 पासून आहे, त्यानंतर गावोगावी मंडळं झाली. गणपती, संक्रांत, दिवाळी अंक, शाळा, सगळं तुम्ही जिवापाड करता, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तुमच्या कागदांत आम्ही राहत होतो ती घरं नाहीत. नॉटिंगहॅमचं सेंट ॲन्स, मँचेस्टरचं ह्यूम, अशा पाडलेल्या वस्त्यांतून जी मराठी माणसं राहिली, बस चालवल्या, इस्पितळांच्या वॉर्डांतून रात्रपाळ्या केल्या, भट्ट्यांवर उभी राहिली, ती आज ऐंशी-नव्वदीची आहेत. दर हिवाळ्यात कमी होताहेत. पुढच्या स्मरणिकेत सत्काराचे फोटो दोन पानं कमी करा आणि त्या पानांवर पत्ते छापा. गल्लीचं नाव, घराचा नंबर, कोणत्या साली आलात, शेजारी कोण होतं. शेजारी मराठी नव्हतं म्हणून ते वगळू नका. सत्तावीस नंबर वगळून आमच्या घराचा इतिहास लिहिताच येणार नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडे फोन घेऊन जा आणि बोलतं करा, मराठीत, कारण इंग्रजीत विचारलं की ती मंडळी 'सगळं छान होतं' एवढंच सांगतात. जमलेलं सगळं एक प्रत मंडळाकडे आणि एक प्रत त्या त्या शहराच्या अभिलेखागारात द्या. आमच्याकडे नॉटिंगहॅमशायर अर्काइव्ह्ज आहे. तिथे जुन्या सेंट ॲन्सचे फोटो पुष्कळ आहेत. त्या फोटोंत कडेला कुठेतरी पातळ नेसलेली बाई दिसते का, हे मी दर वेळी बघते.

सुरुवात मी घरापासून केली आहे. गेल्या रविवारी आईला दुपारचा चहा दिला आणि विचारलं, आपल्या गल्लीत कोण कोण राहायचं? तिने डोळे मिटले आणि वरच्या टोकापासून सुरुवात केली. एक नंबर, कोंबड्या पाळणारा. तीन नंबर, जुळी पोरं. पाच नंबर रिकामंच असायचं. सात नंबरची जमेकाहून आलेली नर्स, हिने तुझ्या भावाला वाफ द्यायला शिकवलं. तासभर ती खाली उतरत राहिली आणि मी लिहीत राहिले. सत्तावीसला पोचली तेव्हा थांबली, मग पुढे गेली. विषम बाजू पूर्ण झाली आहे. सम बाजूची घरं या रविवारी घेणार आहोत.

आपली,
सेंट ॲन्सच्या एकतीस नंबरमधली मुलगी